छपाई नसलेलं पेल्टिअर घेताना मी असा फसलो

आईचं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गावी लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी छोटी पेटी करायला घेतली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून चार पेल्टिअर आणली, म्हणजे वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चपट्या चकत्या. चारही कोरी, वर एक अक्षर नाही. "१२७१० आहे साहेब, १० अँपिअरचं. छपाई पुसली जाते, माल तोच," असं दुकानदार म्हणाला. मी दामही १२७१० चाच मोजला.

पाण्याची बाटली ठेवून पाहिली, तर पेटी १४ अंशांखाली जाईना. आठवडाभर थर्माकोलला आणि पंख्याला दोष दिला. शेवटी वायरीत मीटर लावला: जेमतेम साडेचार अँपिअर.

मग एक सुटं करून उजेडासमोर धरलं. कडेच्या फटीतून आतले सेमीकंडक्टरचे दाणे मोजले, १६ गुणिले १६. वायरींच्या जागचे दोन सोडले की २५४, म्हणजे १२७ जोड्या. नंबरातले पहिले तीन आकडे जोड्यांचे, शेवटचे दोन अँपिअरचे. इथवर खरं होतं. पण ६ अँपिअरच्या १२७०६ पेल्टिअरमध्येही १२७च जोड्या असतात, आणि दोन्ही ४० मिलिमीटर चौकोनी. दुकानदाराचं फावतं ते इथेच.

फरक कळतो रेझिस्टन्समध्ये. १२७०६ चा २ ओहमच्या आसपास, १२७१० चा १ च्या जरा वर. मोजताना घाई करू नका. नुसतं बोट टेकलं तरी एक बाजू गरम होते, पेल्टिअर स्वतःच वीज तयार करतं आणि आकडा पळत सुटतो. दहा मिनिटं टेबलावर पडू द्या, मीटरचे प्रोब उलटसुलट लावून सरासरी काढा, प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करा. माझी तीन २ ओहमची निघाली. चौथ्याचा आकडा वायर हलवली की बदलायचा, आणि त्याच्या कडेवरून जुन्या थर्मल पेस्टचा (हीटसिंकला चिकटवताना लावतात ती) पांढरा थर नखाने निघाला. वापरलेला माल पुसून विकला होता.

परत गेलो तर "विकलेला माल परत घेत नाही". बिल घेतलंच नव्हतं, बोलणंच खुंटलं. दुकानातच मीटर काढा, बिलावर नंबर लिहून घ्या. आणि तपासायला म्हणून हीटसिंकशिवाय (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पंखांशिवाय) १२ व्होल्ट देऊ नका. कित्येकांच्या आतलं सोल्डर १३८ अंशांनाच वितळतं.

आता दोन पेल्टिअर बसवून पेटी ७ अंशांवर येते, पण बॅटरी रात्र काढत नाही. इन्सुलिन अजून मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्येच आहे.