चिपळुणात घर बघताय? आधी स्विचबोर्ड बघा

भाड्याच्या घराच्या नावाखाली फसून पासष्ट हजार पाचशे रुपये घालवले. आकडा लिहितानाही लाज वाटते. पण लोट्याच्या एमआयडीसीत बदलीवर येणारे माझ्यासारखे अजून बरेच असतील, आणि ते घर दाखवणारा दलाल आजही उजळ माथ्याने फिरतोय, म्हणून लिहितो.

मी इचलकरंजीचा. 2019 ला पंचगंगा गल्लीत आलेली पाहिलेला माणूस. त्यामुळे बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा पहिला प्रश्न एकच, चिपळुणात पाणी कुठवर येतं? आमची पंचगंगा सांगून-सवरून चढते, सामान हलवायला सवड देते. वाशिष्ठी तशी नाही. घाटमाथ्यावर धो धो पाऊस, कोयनेच्या प्रकल्पातून वीज करून सोडलेलं पाणीही याच नदीत, आणि त्यात खाडीला भरती असली की पाण्याला उतरायला वाट नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण कसं बुडालं ते वाचूनच आलो होतो. तीच हुशारी नडली. पहिल्याच फोनवर दलालाला सांगून बसलो, "बाजारपेठ, चिंचनाका, पेठमाप नको. पाणी न येणारी जागा दाखवा, भाडं थोडं जास्त चालेल." गिऱ्हाईक कशाला घाबरतंय हे कळलं की दलालाला अजून काय लागतं?

तळमजल्यावरचा वन बीएचके, भाडं 9,000. "एकवीसला इथे पायरीलाही पाणी नव्हतं, साहेब." मालक म्हणून जो आला तो इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड.

आणि आता ते, जे आठवलं की अजून झोप उडते. हॉलमधले सगळे स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्या वर होते. पंखा लावायला बायकोला टाचा उचलाव्या लागल्या. खाली भिंतीत जुन्या बोर्डांचे चौकोन सिमेंटने बुजवलेले, वरून ताजा पिस्ता रंग. मी विचारलंसुद्धा! मालक म्हणाला, "लहान पोरांचा हात पोचू नये म्हणून." आणि मी मान डोलावली. आमच्या गल्लीत पुरानंतर बोर्ड कशासाठी वर चढवले हे मला माहीत नव्हतं? लाइट बिलावर नाव तिसऱ्याचंच. "सासऱ्यांच्या नावावर आहे, बदलायचं राहिलंय." तेही गिळलं. एक थाप डोळ्यांनी पकडली होती, मग दुसरी खरी कशी मानली?

आता शहाणे म्हणतील, डोळे उघडे ठेवायचे. ठेवले असते हो. कंपनीच्या गेस्ट हाउसचे आठ दिवस संपत आलेले, मुलाची शाळा तोंडावर, बाहेर पाऊस कोसळतोय.

टोकन 5,000, दलाली 9,000 आणि कराराचे 2,500 फोनवरून दिले. डिपॉझिटचे उरलेले 40,000 आणि पहिल्या महिन्याचं भाडं 9,000 रोख, कारण मालकाचं "लिमिट संपलेलं". रोख मागितली की उठून चालू पडा. करार म्हणजे स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का. भाडेकरार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

टेम्पो घेऊन आलो तर कुलूप वेगळं. समोरच्या काकू दारात आल्या. "तो कसला मालक हो? भाडेकरू होता. चार महिन्यांचं थकवून गेलाय." एकवीसला पाणी कुठवर होतं विचारलं, तर त्यांनी हात दरवाजाच्या चौकटीला वर टेकवला. दलालाऐवजी आधी या काकूंना विचारलं असतं तर? पाच मिनिटांचं काम होतं. आणि घरपट्टीची पावती बघा, लाइट बिल कुणीही दाखवतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, माणूस समोर होता, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील बघा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं 318 कलम आहे म्हटलं, तर "तुम्ही वकील आहात का?" म्हणजे वकील नाही म्हणून ऐकायचं नाही आणि वकील बघा म्हणून पिटाळायचं! रोख दिल्याचा पुरावा आणा म्हणे. चार खेपा, प्रत्येक वेळी नवा हवालदार, प्रत्येकाला टोकनपासून सगळी कहाणी पहिल्यापासून. आरोपीचा पत्ताही मीच शोधून द्यायचा. दलाल तर काखा वर करून मोकळा, "मलाही फसवलं हो त्याने." मग तुझे 9,000 तरी परत दे! अर्जाची पोच तेवढी मिळाली, तीही मागून मागून.

परवा चहाच्या टपरीवर दलालच भेटला. हसून म्हणाला, "काय साहेब, मिळालं का घर कुठे?"