पद्मिनीचे पिस्टन बदलून आठ महिने: सेट घ्यायच्या आधी वजन करा

पुण्याहून कोल्हापूरला परतताना वडिलांची ८४ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी, खंबाटकी घाटाच्या चढाला निळा धूर सोडायला लागली. ऑइलही हजार किलोमीटरला दीड लिटर जायचं. शेवटी इंजिन खोललं. २० साइझवर, म्हणजे सिलिंडर ०.०२० इंच मोठे करून, भागेल असं वाटलं होतं, पण दोन नंबरच्या सिलिंडरमधला ओरखडा खोल निघाला आणि थेट ४० ला जावं लागलं. म्हणजे ६८ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९ च्या घरात.

पिस्टन पुण्याच्या नाना पेठेतून आणले, त्यातल्या त्यात स्वस्त सेट. घरी आल्यावर सोनाराच्या काट्यावर चारही तोलले, तर सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड पिस्टनमध्ये ९ ग्रॅमचा फरक! दुकानदार म्हणाला, "फियाटला एवढं कोण बघतं?" मी बघतो. इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतं, प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर-खाली दोनदा दिशा बदलतो, आणि वजनातल्या फरकाचा हादरा बेअरिंगलाच सोसावा लागतो. तीन फेऱ्या आणि बरीच बाचाबाची झाल्यावर, वर पैसे भरून दुसरा सेट मिळाला. त्यात फरक ३ ग्रॅमचा होता. मिस्त्रींनी जड पिस्टन आतून, पिनच्या बॉसखाली (पिन बसते त्या जाड भागाखाली), किंचित घासून चारही एका ग्रॅमच्या आत आणले.

ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरला (सिलिंडर कापून मोठे करायला) दिला तो पिस्टन हातात आल्यावरच. डब्यावर ४० लिहिलंय म्हणून आधी बोअर करून ठेवू नका. प्रत्येक पिस्टन स्कर्टला (खालच्या भागाला), पिनच्या काटकोनात मोजायचा. वरचं डोकं जास्त तापतं, म्हणून ते मुळातच बारीक केलेलं असतं; तिथलं माप धरलंत तर फसाल.

पहिल्या महिन्यात सकाळी गार इंजिनवर टकटक ऐकू यायची. पिस्टन सैल बसले, पैसे बुडाले, असं मी मिस्त्रींना तावातावाने बोललो. ते मत आता मागे घेतो. इंजिन तापलं की आवाज पूर्ण जातो. अॅल्युमिनियम बिडाच्या ब्लॉकपेक्षा जास्त फुगतं, त्याला जागा सोडावीच लागते. माझ्या हट्टापायी घट्ट बसवले असते, तर घाटात पिस्टन धरले, म्हणजे जाम झाले असते.

आजवर ६,२०० किलोमीटर झाले. पहिल्या हजारात अर्धा लिटर ऑइल गेलं. रिंगा बसल्यापासून दोन हजाराला पाव लिटरही लागत नाही. गेल्या रविवारी खंबाटकी चढताना सारखा आरशात बघत होतो, धूर नव्हता. पुढच्या वेळी बहुतेक स्लीव्हच (सिलिंडरच्या आत बसवायच्या नव्या नळ्या) टाकाव्या लागतील. त्यासाठी स्टँडर्ड साइझचा सेट आत्तापासून शोधतोय, आणि दुकानात जाताना काटा सोबत नेणार आहे.