'फुल इंजिन काम'चे पैसे घेतले, क्रँककेस मात्र उघडलीच नाही

माझ्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकचं इंजिन एका मेकॅनिककडे पूर्ण बांधून घ्यायला दिलं होतं. क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) दोन्ही मेन बेअरिंग, दोन्ही ऑइल सील, कनेक्टिंग रॉडचा किट, पिस्टन-रिंग आणि सिलिंडरला नवं प्लेटिंग, असं सगळं कागदावर लिहून ठरलं होतं. इंजिन परत आलं ते चकाचक रंगवून. सोबत एका पिशवीत 'काढलेले जुने पार्ट'.

काही दिवसांतच भर थ्रॉटलवर इंजिन सीझ झालं, म्हणजे जाम होऊन बसलं. मेकॅनिकचं उत्तर तयारच होतं: "पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं असेल." मी पेट्रोल-ऑइलचं 32:1 मिश्रण दर वेळी मापाने करतो. म्हणून मॅग्नेट ओढून काढायचं पुलर आणून इंजिन स्वतःच खोललं.

मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं, वीज बनवणारं चाक) काढताक्षणी पहिली चोरी दिसली. मागचं ऑइल सील कडक होऊन त्याची ओठासारखी कड झिजलेली, आणि मॅग्नेटच्या आतल्या स्टेटरच्या (कॉइलच्या) प्लेटवर तेलकट ओल. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद कवचात, येतं. या बाजूचं सील गळलं की तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी), पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. (क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत येतं आणि पांढरा धूर सुटतो.)

पुढे सिलिंडर उचलला. एक्झॉस्ट पोर्टच्या वर प्लेटिंग उडून खालचं ॲल्युमिनियम दिसत होतं, आणि त्यावर पॉलिश पेपर फिरवल्याच्या आडव्या खुणा. रॉड वर-खाली हलवला तर खालच्या टोकाला स्पष्ट प्ले (ढिलेपणा) लागला. बाजूला थोडा प्ले असतोच, वर-खाली अजिबात चालत नाही. नवा होता तो फक्त पिस्टन आणि रिंगा.

सगळ्यात संताप आला तो पिशवीचा. त्यातलं बेअरिंग 6205, म्हणजे बाहेरचा व्यास 52 मिमी. माझ्या क्रँककेसमध्ये बसतं 6206, 62 मिमीचं. दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा भंगार माल माझा म्हणून हातात ठेवला होता! फोटो पाठवले, तेव्हापासून माणूस फोन उचलत नाही.

ही फसवणूक सोपी आहे, कारण हेड आणि सिलिंडर काढून पिस्टन बदलणं थोड्या वेळाचं काम. क्रँककेस दुभागायला क्लच, मॅग्नेट सगळं उतरवावं लागतं, आणि बेअरिंग बसवायला केस गरम करावी लागते. ते केलं की नाही, बाहेरून कळत नाही. त्यामुळे केस उघडी असताना स्वतः जाऊन बघा, निदान क्रँक टेबलावर असलेला फोटो मागा. जुन्या बेअरिंगचा नंबर नव्याशी ताडून पाहा. आणि उरलेले पैसे देण्याआधी प्रेशर टेस्ट समोर करायला लावा: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण 6 पीएसआय हवा भरायची. काटा भराभर खाली आला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधायची. मॅग्नेट काढलेला असेल तर त्या बाजूच्या सीलवरचे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. टेस्टला नकार देणाऱ्याकडे इंजिन ठेवू नका.