अंगणात जागा एकाच झाडाची: पेरू की पपई?

निफाडचा पारा पाचाच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो ठरलेला. अंगणातल्या पपईचा फोटो कुणी छापत नाही, पण त्या रात्री खरी काकडते ती तीच. म्हणून नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यात घराशेजारी एका झाडापुरती जागा असेल, तर पेरू की पपई हे ठरवताना आधी डिसेंबर-जानेवारी डोळ्यांसमोर आणा. किनारपट्टीवाल्यांनी खुशाल आवडेल ते लावावं.

पपईचा मोठा गुण म्हणजे ती थांबायला लावत नाही. रोप लावल्यावर नऊ-दहा महिन्यांत फळ हातात. पेरूचं कलम आणलं तरी दोन-तीन वर्षं वाट बघायची. पण पपई दोन-तीन वर्षांत थकते, पेरू मात्र वीस वर्षं सहज साथ देतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, पपई लावा.

आता थंडी. रात्रीचं तापमान दहा-बाराच्या खाली राहायला लागलं की पपईची वाढ थबकते, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि झाडावरची फळं रंगच धरत नाहीत. आपण कंटाळून हिरवीच उतरवतो, तांदळाच्या डब्यात ठेवतो, ती मऊही पडतात. चव मात्र काकडीची! पपईत केळ्यासारखा पिठूळ साठा नसतो, त्यामुळे तोडल्यावर गोडी वाढत नाही. जी काय साखर भरायची ती झाडावरच. थंडीत पपई खायची तर सालीवर पिवळा पट्टा दिसेपर्यंत हात आवरायचा.

दुसरा त्रास उशिरा कळतो. ज्या झाडांना उभयलिंगी फुलं येतात, त्यांच्या फुलातले पुंकेसर कडक थंडीत बीजकोशाला चिकटून वाढतात आणि फळ वेडंवाकडं, खाचा पडलेलं येतं. फूल डिसेंबरातलं, फळ मे-जूनमधलं, त्यामुळे दोष खताला नाहीतर रोपवाटिकेला दिला जातो. (मीही एकदा खत बदललं होतं.)

बरं, लावणीची वेळ बदलून थंडी चुकवावी म्हटलं, तर तेही जमत नाही. फेब्रुवारीअखेर लावली तर रोप थंडीतून वाचतं, पण पहिली फळं पिकायला येतात ती नेमकी डिसेंबरात. जूनमध्ये लावली तर फळं उन्हाळ्यात, गोड. पण फुलं थंडीत, आणि वर पावसाचं पाणी बुंध्याशी दोन दिवस साचलं तरी झाड गेलंच. मी फेब्रुवारीच निवडते. पहिली चार फळं पराठ्यात नाहीतर कोशिंबिरीत कच्चीच संपवायची, मार्चपासूनची खायची.

पेरूचं नेमकं उलट आहे. पावसाच्या सुरुवातीला फुललेला मृग बहार नोव्हेंबर ते जानेवारीत पिकतो आणि थंड रात्रींनी त्याची गोडी वाढते. फळमाशीही तेव्हा कमी असते. पावसाळ्यात पिकणारा आंबे बहार मात्र पाणचट, आणि कापला की आत अळ्या. म्हणून मृग बहारच धरायला एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, जूनमध्ये शेणखत घालायचं. उन्हाळ्यात झाड वाळताना बघवत नाही, शेजारीही बोलतात, पण पाणी घालायचं नाही. थंडीत पेरूची पानं तांबूस-जांभळी होतात. तो रोग नव्हे, फेब्रुवारीत नवी पालवी येते.

जात विचाराल तर सरदार, म्हणजेच एल-४९. ती १९२७ मध्ये पुण्यात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात निवडली गेली, तेव्हा इथल्या हवेची तिला सवय आहेच. पांढरा गर, बी मऊ.

हल्ली सफरचंदाचं रोपही गळ्यात मारतात. कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ सारखी जात खरंच आहे, पण सफरचंदाला एखादी बोचरी पहाट पुरत नाही, गारव्याचे तास मोजावे लागतात. आपल्याकडे पहाटे पाच अंश असले तरी दुपारी स्वेटर काढावा लागतो. हौस असेल तर कुंडीत लावा, एकुलती जागा त्याला देऊ नका.

माझं मत पेरूच्या बाजूनं. तरीही पपईच हवी असेल, तर ती घराच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावा, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. बुंध्याशी पालापाचोळा पसरा, कडाक्याच्या रात्री फळांभोवती गोणपाट गुंडाळा आणि बोअरचं पाणी पहाटे द्या. ते हवेपेक्षा कोमट असतं. पाणी बेताचंच, नाहीतर थंडीतून वाचलेलं खोड खालून सडतं.