१४५६७ एल्डरलाइन : ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन कुठे कामी येते, कुठे नाही

केंद्र सरकारची ही मोफत सेवा सकाळी ८ ते रात्री ८ चालते. रात्री घरात मारहाण झाली तर ११२, छातीत दुखलं तर १०८; तिथे १४५६७ लावण्यात वेळ घालवू नका.

तिची खरी ताकद छळ, बेघर ज्येष्ठ आणि पोटगीच्या प्रकरणांत दिसते. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि तो कसा करायचा हे इथे विचारता येतं. पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. आजच्या औषधखर्चापुढे ती फारच तोकडी आहे. घर मुलांच्या नावावर केलं असेल तर बक्षीसपत्र आधी शोधून ठेवा. त्यात सांभाळाची अट नसली की याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेणं अवघड जातं, आणि अनेक प्रकरणं तिथेच अडतात.

फोन करताना वय, पूर्ण पत्ता, आजार, चालू औषधं आणि जवळच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून समोर ठेवा. ज्येष्ठांना ऐकू कमी येत असेल तर शेजाऱ्यांनी बोललं तरी चालतं.

अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या सुनेला चार दिवस विसावा हवा असेल, तर मात्र इथून माहितीच मिळते, माणूस नाही. ही उणीव मोठी आहे.