क्लिक रूल आठ महिने वापरल्यावर: भांडण आट्यांचं होतं

दोन फुटी कपाटाच्या तीन फळ्या वाया गेल्या, म्हणून हे लिहितोय. १८ एमएमचा प्लाय आज काय भावाने मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

क्लिक रूल, म्हणजे न बघता टक मोजून माप घ्यायची पट्टी, नवीन नाही. आटे पाडलेली दांडी, ती सरकवायला नळी, नळीत स्प्रिंगवरचा खटका. दर आट्याला एक टक. डोळे गेल्यावर सुतारकाम सोडायचं नव्हतं, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून मजुरीसकट ८५० रुपयांत करून घेतली. दांडी तीन सुती, म्हणजे ३/८ इंची. तिला इंचाला १६ आटे. एक टक म्हणजे अर्धं सूत, आणि दर आठव्या आट्याला कानशीने खाच, म्हणजे अर्धा इंच. आयुष्यभर सुतातच मोजलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हात बसला. चौकटी, स्टुलं, पाट, सगळं बिनचूक झालं.

कपाट आलं आणि बिघडलं. बाहेरून २४ इंच, त्यातून दोन्ही बाजूंच्या प्लायचे ३६ एमएम वजा करायचे. २२ टक वजा केले तर फळी एक एमएमने मोठी, आत जाईना. २३ केले तर अर्धा एमएम फट. मी सरळ लेथवाल्याला धरलं, आटे चुकीचे पाडलेस, पैसे परत दे. तो म्हणाला, "काका, दांडी तयार मिळते, आटे मी पाडलेले नाहीत. मोजून बघा." मी फोन आपटला.

दोन दिवसांनी पुतण्याने कागदावर हिशोब मांडला. ३६ एमएमचे होतात २२.६८ टक. म्हणजे दांडी बरोबर होती, इंचाच्या पट्टीने एमएमचा प्लाय मोजणारा मी चुकत होतो. लेथवाल्याकडे जाऊन तसं सांगितलं आणि दुसरी दांडी मागितली: एम १०, म्हणजे १० एमएम जाडीची, एमएमच्या आट्यांची. तिच्या एका आट्याला १.५ एमएम. १८ एमएम म्हणजे १२ टक, १२ एमएम म्हणजे आठ, सहा एमएम म्हणजे चार. दर २० आट्यांना खाच, म्हणजे ३० एमएम. कपाट आता ६०० एमएमचंच घेतो: २० खाचा, त्यातून २४ टक मागे. पहिलीच फळी हाताच्या दाबाने बसली. त्या दिवशी दोनदा काढून परत बसवली.

बाजारातला १८ चा प्लाय पूर्ण १८ भरतोच असं नाही. शंका आली तर त्याच प्लायचा तुकडा मध्ये धरून माप घ्या, टक मोजू नका.

तक्रार एकच उरली. भुसा आट्यांत बसला की टक बोथट होते आणि मोजणी चुकते. तेल लावू नका, भुसा जास्त चिकटतो. कोरडा टूथब्रश रोज फिरवावा लागतो.

इंचाची नळी टाकलेली नाही, जुन्या घरांच्या चौकटींना तीच लागते. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं कडं चढवलंय, हात पडला की कळतं.