'नूर्दान': लेना विल्लेमार्कचा मधला गंधार

स्वीडिश लोकगायिका लेना विल्लेमार्क ऐकायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी बिनदिक्कत 'नूर्दान'चं नाव घेते. म्युनिकच्या ईसीएम कंपनीने हा अल्बम १९९४ साली काढला. लेनाच्या बरोबरीने त्यावर वादक 'आले मोलर' याचं नाव आहे. साथीला डबल बासवर पाले दानिएल्सन, सॅक्सोफोनवर यूनास क्नुत्सन, शिवाय दोन फिडलवाले (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि तालवाद्यं. एवढी मंडळी असूनही गर्दी कुठे होत नाही. सगळे तिच्या आवाजाला वाट करून देतात.

मी व्हायोलिन वाजवते आणि शिकवते, त्यामुळे माझा कान आधी सुराकडे जातो. लेनाचा गंधार अनेकदा कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. दोन्हींच्या मधे त्याची स्वतःची जागा आहे आणि तो दर वेळी नेमका तिथेच लागतो. निषादाचंही तसंच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल की बाई किंचित उतरल्या. अजिबात नाही. स्वीडनच्या जुन्या लोकगायकीत हे मधले सूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. हार्मोनिअमवर ही गाणी काढून बघा, चाल येईल पण गाणं निसटेल. मोलरने तर आपल्या मंडोलावर, म्हणजे मँडोलिनच्या जातीच्या तंतुवाद्यावर, या पाव सुरांसाठी जादा पडदेच बसवून घेतले आहेत. गायिकेने वाद्याच्या सुरात यावं ही रोजची रीत. इथे वाद्य गायिकेच्या सुरात आलंय, आणि अल्बमचा सगळा कस मला यातच दिसतो.

लेना १९६० सालची, दालार्ना प्रांतात एल्व्हदालेन भागातल्या एव्हर्ट्सबेरी गावची. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ती गाणी आणि फिडल शिकली. तिकडे उन्हाळ्यात गुरं रानातल्या कुरणांवर न्यायची पद्धत होती आणि ते काम मुख्यतः बायकांचं. लांब पांगलेल्या गाई-शेळ्यांना परत बोलवायला त्या एक उंच, धारदार हाक घालत. तिला कुलनिंग म्हणतात. तार सप्तकातली ही हाक रान ओलांडून जावी म्हणूनच तशी घडलेली आहे. तिच्यात गोडवा शोधू नये. लेनाच्या गळ्यात ती भिनलेली आहे. संथ चाललेल्या ओळीत ती अचानक वर जाते तेव्हा आवाज पातळ होत नाही, उलट त्याला धार चढते. हेडफोन लावून ऐकणार असाल तर आवाज आधी थोडा कमी ठेवा.

याच हाकेवरून कारिन रेनक्विस्ट या संगीतकार बाईंनी दोन गायिका आणि टिंपनी (मोठे नगारे) यांच्यासाठी १९८९ मध्ये 'पुकसोंगेर-लॉकरूप' ही रचना केली. ती लेना आणि सुसान रूसेनबेरी यांच्या आवाजांसाठीच होती. गुराख्यांची हाक थेट मैफलीच्या मंचावर गेली, आणि तीही सौम्य न होता. 'नूर्दान'च्या मागे ही तयारी आहे, हे लक्षात असलेलं बरं.

आता 'मानेलिग'बद्दल. हे जुनं कथागीत आहे. पहाटे, सूर्य उगवायच्या आणि पाखरं बोलायच्या आधी, डोंगरातली राक्षसीण एका सरदाराला लग्नाची मागणी घालते. बारा घोडे देईन, ज्यांच्या पाठीवर अजून खोगीर चढलेलं नाही. बारा गिरण्या देईन, ज्यांची जाती सोन्याची आणि चाकं रुप्याने मढवलेली. सोन्याची तलवार, पांढऱ्या रेशमाचा सदरा, काय हवं ते देईन. फक्त हो की नाही ते सांग. तू ख्रिस्ती असतीस तर घेतलं असतं, म्हणून तो नाही म्हणतो. ती रडत पळते, कारण त्याच्या होकाराने तिची यातनांतून सुटका होणार होती. गायिकेला अभिनय करायला किती वाव! लेना तो घेत नाही. राक्षसिणीसाठी आवाज घोगरा करत नाही, नकाराला हुंदका देत नाही. ध्रुवपद दर वेळी तसंच येतं, आणि त्या तसंच येण्यानेच ऐकणारा अस्वस्थ होत जातो. माझी सहानुभूती तरी पूर्णपणे राक्षसिणीकडे गेली.

'स्वेन इ रूसेनगोर्ड'मध्ये आई मुलाला प्रश्न विचारत जाते. कपड्यांवर रक्त कसलं, कुठे होतास इतका वेळ? भावाचा खून केल्याचं तो कबूल करतो. परत कधी येशील, तर हंस काळा होईल तेव्हा. बाकी मी सांगत नाही, ऐका.

नुसत्या वादनाच्या जागाही सुंदर आहेत. पोल्स्का हा तीन मात्रांचा नाच, पण दालार्नाच्या या भागात तिन्ही मात्रा सारख्या लांबीच्या नसतात, त्यामुळे मोजत बसलात तर हमखास चुकाल. मात्स एदेनच्या फिडलला आपल्या सारंगीसारख्या तरफा आहेत. गज उचलल्यावरही त्या थोडा वेळ बोलत राहतात. पेर गुडमुंडसन स्वीडिश सेकपीपा, म्हणजे पिशवीचं सुषिर वाद्य, वाजवतो. या वाद्याचा शेवटचा पारंपरिक वादक १९४९ मध्ये गेला होता. १९८०च्या आसपास लेइफ एरिक्सनने संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवरून ते नव्याने घडवलं आणि गुडमुंडसनने वाजवायला घेतलं. मेलेलं वाद्य पुन्हा बोलतं करणाऱ्याच्याच हातून ते ऐकायला मिळतंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

तक्रार एकच. काही ठिकाणी तालवाद्यं नुसती वातावरणनिर्मिती करतात. तिथे फिडल आणि आवाज एवढंच ठेवलं असतं तर गाणं जास्त खोल उतरलं असतं. सॅक्सोफोनबद्दल मात्र माझी शंका पार फिटली. क्नुत्सन फुंकरीत इतका संयम ठेवतो की ते वाद्य मूळचं त्या रानातलंच वाटावं.

ईसीएमचा संग्रह २०१७ पासून स्ट्रीमिंगवर आहे, त्यामुळे सीडी मिळाली नाही तरी अडत नाही. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, दानिएल्सनचा बास पूर्ण गायब होतो.

'नूर्दान' आवडला तर पुढे याच जोडीचा १९९६चा 'आग्राम' घ्या. तो जास्त गडद आहे. गुडमुंडसनसह या दोघांचा 'फ्रीफूट' हा त्रिकुटाचा अल्बम (१९९९) नाचाच्या चालींसाठी उत्तम. २०१५चा 'ट्रीज ऑफ लाइट' मात्र घाईत ऐकायचा नाही. त्यात आंदेर्श यॉर्मिनचा बास, कारिन नाकागावाचं २५ तारांचं जपानी कोतो आणि लेनाने एल्व्हदालेनच्या बोलीत लिहिलेल्या स्वतःच्या कविता आहेत. ही बोली बोलणारे जेमतेम अडीच-तीन हजार लोक उरले आहेत. तिच्यात अनुनासिक स्वर अजून टिकून आहेत आणि लेना त्या स्वरांवर मुद्दाम थांबते. 'नूर्दान'मधली हाक इथे जवळजवळ कुजबुजीइतकी खाली आली आहे. ज्यांना आधीची धार हवी असेल त्यांना हा अल्बम फिका वाटेल. मला वयाने तिचा आवाज खोल झालेला वाटतो, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही ऐकायला लावते, 'नूर्दान' आधी.